आवाज येतोय का?

(रिद्धपूर येथे झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



 

संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी विनंती करून विषय बदलून घेतला. संधींची माहिती आजकाल दहावीतल्या मुलाच्या मोबाइलमध्ये माझ्यापेक्षा जास्त असते. मला बोलायचं आहे ते अशा मुलांबद्दल, ज्यांच्या हातात मोबाइल पोचला, पण त्यातलं शिक्षण पोचलं नाही. दिव्यांग मुलांच्या ऑनलाइन शिक्षणाबद्दल.

मी यावर का बोलते, तेही सांगते. मी सॉफ्टवेअर बनवते. माझ्या कामाचा एक भाग असा आहे की आम्ही बनवलेलं ॲप डोळे मिटून वापरता येतं का, आवाज बंद करून समजतं का, एका बोटाने चालवता येतं का, हे तपासायचं. हे तपासायला अशी माणसं लागतात जी रोज तसंच जगतात. त्यांच्यासोबत बसून मी जे शिकले ते कॉलेजच्या चार वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यातलं थोडं आज तुमच्यापुढे ठेवते.

मार्च २०२० मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशा नावाने रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येऊ लागला. दीक्षा ॲप आलं, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळाली, जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं. शिक्षकांनी त्या दिवसांत जिवाचं रान केलं, हे मी आधीच सांगून ठेवते. ज्या सरांनी आयुष्यभर खडू हातात धरला त्यांनी आठ दिवसांत झूम शिकून घेतलं. आणि तेव्हा घराघरांतून एक वाक्य दिवसभर ऐकू यायचं: “आवाज येतोय का? माझा आवाज येतोय का सगळ्यांना?”

या साध्या प्रश्नात बरंच काही दडलेलं आहे. वर्गात एखादं कर्णबधिर मूल असेल तर त्याने या प्रश्नाचं काय उत्तर द्यावं?

आधी न दिसणाऱ्या मुलांचं सांगते. दृष्टिहीन विद्यार्थी मोबाइल कसा वापरतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं नसेल. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. ती सुरू केली की बोट फिरेल तिथलं फोन वाचून दाखवतो. संगणकावर हेच काम एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर करतो. तो ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये बनवायला घेतला, आणि आजही तो फुकट मिळतो. म्हणजे यंत्र तयार आहे. तरी अडलं कुठे?

अडलं ते आपण पाठवलेल्या मजकुरात. वहीच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, की स्क्रीन रीडर एवढंच म्हणतो, “इमेज”. पुढे शांतता. पन्नास मुलांना नोट्स मिळाल्या आणि एकावन्नाव्याला ‘इमेज’ हा एक शब्द. स्कॅन करून केलेल्या पीडीएफचंही तेच. आणि तिसरा प्रकार आपल्या मराठीचा खास आहे. शाळेतल्या, कचेरीतल्या, झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे जुने फॉन्ट वापरतात. पडद्यावर अक्षर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात ते मराठी नसतंच. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवमध्ये टाइप केला, तर आत ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं साठवली जातात. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. डोळ्यांना तो मुखवटा पुरतो. पण स्क्रीन रीडरला आतली अक्षरंच दिसतात, आणि तो सगळं प्रकरण ‘ईजेकेबीएच’ असं वाचत सुटतो. युनिकोडमध्ये टाइप केलं तर हीच मराठी तो नीट वाचतो.

आता मी रिद्धपुरात उभी आहे, तर एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. महानुभाव पंथाच्या पोथ्या कित्येक शतकं सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. पोथीत भाषा मराठीच, पण किल्ली ज्याच्याकडे त्यालाच ती वाचता येई. अभ्यासकांना या पोथ्यांतला मजकूर खुला व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्या काळी ग्रंथ जपण्यासाठी हे जाणूनबुजून केलेलं होतं, त्याला कारण होतं. आपल्या जुन्या फॉन्टमधल्या नोट्स दृष्टिहीन मुलासाठी अशीच सकळा लिपी झाल्या आहेत. फरक एवढाच की आपण ते ठरवून केलेलं नाही, आणि कोणापासून काही जपायचंही नाही.

याच गावाची दुसरी आठवणही आहे. नागदेवाचार्यांना, म्हणजे भटोबासांना, त्यांच्या एका विद्वान शिष्याने संस्कृतात ग्रंथ लिहू का असं विचारलं, तेव्हा त्यांनी नको म्हटलं. संस्कृतात लिहिलं तर आपल्या पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, हे त्यांचं कारण. ‘स्मृतिस्थळा’त ही हकिकत आहे. सातशे वर्षांपूर्वी या परिसरातल्या माणसांनी लिहिण्याआधी विचार केला की हे कोणापर्यंत पोचणार नाही. मला वाटतं, ऑनलाइन शिक्षणाबद्दल याहून चांगला धडा मला कोणत्याही इंग्रजी पुस्तकात मिळाला नाही. ज्ञान कोणापर्यंत पोचावं हे लिहिणाराच ठरवत असतो, त्याला माहीत असो वा नसो.

आता कर्णबधिर मुलांचं. ही मुलं ओठ वाचतात, चेहरा वाचतात, खुणांची भाषा वापरतात. वर्गात सर समोर असतात. फोनवर सरांचा चेहरा टपाल तिकिटाएवढा होतो. त्यात नेट कमी पडलं की सूचना येई, “सगळ्यांनी व्हिडिओ बंद करा, डेटा वाचवा.” नेटच्या हिशेबाने ती सूचना बरोबर होती. पण व्हिडिओ बंद झाला त्या क्षणी त्या मुलाची शाळा सुटली. काळा पडदा आणि त्यावर सरांचं नाव, एवढंच उरलं. शिक्षक आणि खुणांनी सांगणारा दुभाषी, दोघांनाही एकाच वेळी पडद्यावर मोठं करून ठेवायची सोय झूमने सप्टेंबर २०२० मध्ये दिली. तोवर सहा महिने गेले होते. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला एनसीईआरटीने पाठ्यपुस्तकं भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा करार केला. म्हणजे पुस्तक खुणांच्या भाषेत हवं, हे ठरायलाही महामारी यावी लागली. आणि पुढे शाळा उघडल्या तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते. ओठ पुन्हा झाकलेलेच.

तिसरा गट बौद्धिक अक्षमता असलेल्या, स्वमग्न आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा. यांच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं गेलं. त्यांचं शिक्षण हाताला धरून होतं. विशेष शिक्षिका मुलाचा हात हातात घेऊन पेन्सिल धरायला शिकवते, बटण लावायला शिकवते. हे पडद्यातून कसं व्हावं? फिजिओथेरपी थांबली, काही मुलांचे आखडलेले हातपाय आणखी आखडले. स्वमग्न मुलाला रोजचा ठरलेला क्रम हवा असतो, तो एका रात्रीत मोडला. आणि हे सगळं येऊन पडलं आईवर. आपल्याच भागातली एक बाई मला म्हणाली होती, “मॅडम, मोबाइल एक अन् पोट्टे तीन. थोरल्याची बारावी हाये. याचा लंबर कवा लागन?” तिचा मोबाइल दिवसा नवऱ्यासोबत शेतात जायचा. रात्री आला की आधी बारावी, मग आठवी, आणि उरलेल्या चार्जिंगवर हा धाकटा. घरात कोणी वाईट नव्हतं. रांग लागली की कोणाचा नंबर शेवटी जातो, हे कोणी न ठरवताच ठरतं.

थोडे आकडे देते. ओडिशातल्या ‘स्वाभिमान’ या संस्थेने मे २०२० मध्ये ओडिशासह काही राज्यांत पाहणी केली. विद्यार्थी, पालक, शिक्षक मिळून ३,६२७ जण त्यात होते. त्यात ४३ टक्के दिव्यांग मुलं शिक्षण सोडायच्या विचारात असल्याचं दिसलं. ६४ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन किंवा संगणक नव्हता. आणि ८१ टक्के शिक्षकांनी सांगितलं की या मुलांना वापरता येईल असं साहित्य आमच्याजवळ नाही. हा शेवटचा आकडा मला जास्त बोचतो. फोन नसणं हा गरिबीचा प्रश्न आहे, त्याला पैसा लागतो. साहित्य वापरता न येणं हा बहुतेक वेळा सवयीचा प्रश्न असतो.

आतापर्यंत मी एकच बाजू सांगितली. दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. काही मुलांसाठी ऑनलाइन शिक्षण हे पहिल्यांदा उघडलेलं दार होतं.

चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीचा विचार करा. कॉलेज तालुक्याला. एसटीच्या तीन उंच पायऱ्या, कॉलेजचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि तिला जाता येईल असं स्वच्छतागृह नाही. अशी मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, अशा एकापेक्षा जास्त मुलींनी मला स्वतः सांगितलं आहे. त्या दीड वर्षात ती घरच्या खाटेवरून वर्गात हजर होती, पोटभर पाणी पिऊन. तोतरं बोलणाऱ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा सरांना प्रश्न विचारला, कारण तो टाइप करता येत होता. सावकाश समजणाऱ्या मुलीने एकच तास चार वेळा ऐकला, कारण तो रेकॉर्ड झाला होता. दृष्टिहीन मुलाला फळ्यावरचं काय चाललंय हे शेजाऱ्याला विचारावं लागलं नाही, कारण फळाच नव्हता. सरांना सगळं बोलूनच सांगावं लागत होतं.

मग ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले. पुढे कॉलेजंही उघडली. आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि तो योग्यच होता. पण त्याच दिवशी ती रेकॉर्डिंग बंद झाली, लिंक बंद झाल्या. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीपुढे पुन्हा एसटीच्या पायऱ्या आल्या. शाळा बंद करताना या मुलांना कोणी विचारलं नव्हतं, आणि उघडतानाही विचारलं नाही. ऑनलाइन चांगलं की वर्ग चांगला, यावर आपण खूप वाद घातला. त्या मुलांचं म्हणणं साधं होतं: दोन्ही दारं थोडी थोडी उघडी ठेवा, आम्ही आमच्या सोयीने येऊ.

कोणी म्हणेल, एवढ्या थोड्या मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले साडेएकोणतीस लाखांवर आपल्या महाराष्ट्रातले. तेव्हा सात प्रकार आणि ‘इतर’ एवढेच रकाने मोजले होते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. म्हणजे खरी संख्या याहून मोठीच असणार.

आणि ही मुलं काय करू शकतात याचा पुरावा शोधायला आपल्याला लांब जायचं नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज. जन्म १८८१ चा. तान्हेपणीच दृष्टी गेली. आयुष्य मिळालं जेमतेम ३४ वर्षांचं, आणि तेवढ्यात शंभराहून जास्त ग्रंथ. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो आणि हात जोडतो. पण त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारी आणि त्यांनी सांगितलेलं उतरवून घेणारी माणसं होती, हे आपण विसरतो. त्या माणसांचा आवाज हाच त्यांचा स्क्रीन रीडर होता.

आजचं उदाहरण वझ्झरचं. परतवाड्याजवळच्या या आश्रमात शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन लेक माला पापळकर राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यशस्वी झाली. ब्रेल आणि ऐकून केलेला अभ्यास, हा तिचा मार्ग. तिच्या जिद्दीचं कौतुक सगळ्या वर्तमानपत्रांनी केलं, मीही करते. पण तिच्यासाठी पुस्तकं कोणीतरी ऐकण्याजोगी केली, वाचून दिली, हेही तितकंच खरं. जिद्द तिची होती. साहित्य पुरवणं हे भोवतालच्यांचं काम होतं, आणि ते झालं. जिथे ते होत नाही, तिथे तेवढीच जिद्दीची मुलगी घरी बसलेली असते आणि आपल्याला तिचं नावही कळत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात शिक्षणाचा हक्क आहे, आणि माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असं असावं, हेही लिहिलं आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. खटला कशावरून झाला, तर बँकेचं केवायसी करताना ॲप म्हणे, ‘डोळे मिचकावा’. ॲसिड हल्ल्यामुळे जिला डोळे मिचकावताच येत नाहीत, तिने काय करायचं? ते ॲप बनवणारे माझ्यासारखेच इंजिनिअर असणार. त्यांच्या मनात दुष्टपणा नसेल. त्यांच्या डोळ्यांसमोर ती बाई आलीच नाही, एवढंच.

म्हणून आता आपल्यापुरतं काय करता येईल ते सांगते. आपल्यात शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, दुकानदार आहेत, संत्र्याचे बागायतदार आहेत, आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे.

पहिली गोष्ट. जे पाठवायचं ते युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनला तोंडी सांगा, तो मराठी बरी लिहितो, फक्त एकदा वाचून बघा. फोटो टाकावाच लागला तर खाली एक ओळ लिहा: फोटोत काय आहे.

दुसरी गोष्ट, शिक्षक बंधू-भगिनींसाठी. फळ्यावर जे लिहाल ते बोला. “हे याच्यात मिळवलं की हे येतं” असं म्हणू नका. “सात अधिक पाच बरोबर बारा” असं म्हणा. यात एक पैसा खर्च नाही, आणि मागच्या बाकावरच्या मुलालाही ते समजतं. बोलताना चेहरा मुलांकडे ठेवा. फळ्याकडे तोंड करून बोललेलं कर्णबधिर मुलापर्यंत जात नाही.

तिसरी गोष्ट. महत्त्वाच्या तासाचं रेकॉर्डिंग ठेवा. शस्त्रक्रिया झालेलं, फिट्स येणारं, पावसात न येऊ शकणारं मूल घरून तास ऐकू शकेल एवढी फट ठेवा.

चौथी गोष्ट आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी. दृष्टिहीन मुलांना परीक्षेत लेखनिक मिळत नाही, अभ्यासाला वाचक मिळत नाही. आपल्यातल्या निवृत्त मंडळींचे आवाज खणखणीत आहेत, हे आज सकाळपासून मी ऐकतेच आहे! एकेकाने एक एक धडा वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केला, तर वर्षभरात दहावीची सगळी पुस्तकं होतील. कोणी विचारेल, हे कायद्यात बसतं का? बसतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, वाचू न शकणाऱ्यांसाठी नफा न घेता पुस्तक असं करून द्यायला परवानगी आहे. शिवाय २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ ही ऑनलाइन लायब्ररी अशा वाचकांसाठी सुरू आहे. आपल्या भागातल्या मुलांची नोंदणी तिथे करून देणं हेही मोठं काम आहे.

पाचवी गोष्ट सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत कमी केली जाणारी. त्या मुलाला विचारा. आईला विचारलं, वडिलांना विचारलं, आता त्यालाच विचारा: तुला कसं सोपं जाईल?

एक अपेक्षा मोठी आहे, तीही बोलते. आपल्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी गावोगाव फिरून आठवणी गोळा केल्या, त्या परंपरेच्या गावात ते आलं, याचा अभिमान आहेच. या विद्यापीठाचा प्रत्येक ग्रंथ, प्रत्येक व्याख्यान पहिल्या दिवसापासून दृष्टिहीन आणि कर्णबधिर विद्यार्थ्याला वापरता यावं. इमारत बांधून झाल्यावर उतार करायला भिंत फोडावी लागते. आधीच केला तर तो दोन पोती सिमेंटचं काम असतं. सॉफ्टवेअरचंही अगदी तसंच आहे, हे मी रोजच्या कामावरून सांगते.

स्मरणिकेच्या संपादकांनी माझी एक विनंती मान्य केली आहे. ही स्मरणिका छापील निघेल, तिची युनिकोड प्रतही शाळेत राहील, आणि ती वाचून रेकॉर्डही केली जाईल. वाचणाऱ्यांची नावं लिहायला बाहेर चहाच्या टेबलावर वही ठेवलेली आहे. दहा आवाज लागतील. पहिलं नाव मी लिहून आले आहे, उरलेली नऊ तुमची.